एल-नेम दिल्यावर आतड्याच्या पट्टीचे आकुंचन का वाढते?

ऑर्गन बाथमधील (ऊती जिवंत ठेवून तिचे आकुंचन मोजण्याच्या भांड्यातील) आतड्याच्या पट्टीला एल-नेम, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारे रसायन, दिल्यावर विद्युत-उद्दीपनाने होणारे आकुंचन वाढते, तर मग नायट्रिक ऑक्साइड चेतातंतूंवर काम करते की स्नायूवर, असा तुमचा प्रश्न आहे. पुण्यात औषधशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि घाईने दिलेले उत्तर बहुधा अपुरे ठरते.

विजेचा स्पंद चेता निवडत नाही. ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या उत्तेजक चेता आणि नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या अवरोधक चेता आतड्याच्या भिंतीत शेजारीशेजारी असतात. दोन्ही एकाच वेळी उद्दीपित होतात आणि आलेखावर उमटते ती त्यांची वजाबाकी. नायट्रिक ऑक्साइड हा वायू चेतांच्या टोकांतील पुटिकांत (सूक्ष्म पिशव्यांत) साठवता येत नाही, तो लागेल तेव्हा एल-आर्जिनीन या अमिनो आम्लापासून तयार होतो, आणि स्नायूपेशीत सायक्लिक जीएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवून कॅल्शियमची पातळी व आकुंचन दोन्ही उतरवतो. एल-नेम त्याची निर्मिती करणारे विकर (एन्झाइम) रोखते, म्हणून वजा होणारा भाग कमी होतो. स्नायूची ताकद वाढलेली नसते.

शरीरात या अवरोधाचे मोल मोठे आहे. बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ साली सांगितल्याप्रमाणे अन्नाच्या मागे आतडे आवळते आणि पुढे सैल होते. या सैल होण्यात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा मोठा आहे, जरी एटीपीसारखे इतर अवरोधक संदेशवाहक त्याच्या जोडीला असतात. अकॅलेशिया या विकारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या अवरोधक चेता नष्ट होतात, आणि गिळलेला घास तिथेच अडतो.

आता चेता की स्नायू हे ठरवण्यासाठी बाहेरून ॲसिटिलकोलीन देऊन पाहतात. एल-नेमनंतर त्याचा प्रतिसाद तसाच राहिला आणि फक्त उद्दीपनाचा वाढला, तर नायट्रिक ऑक्साइड चेतांच्या टोकांशी ॲसिटिलकोलीनचे स्रवण रोखत होते, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. मला तो मान्य नाही, कारण बाहेरून ॲसिटिलकोलीन देताना अवरोधक चेता उद्दीपित झालेल्याच नसतात, त्यामुळे स्नायूवरचा विरोध तिथे दिसण्याची शक्यता फारशी नसते. स्रवलेले ॲसिटिलकोलीन प्रत्यक्ष मोजल्याशिवाय हा दावा करू नये. शिवाय चेतांचे संदेश बंद पाडणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाने उद्दीपनाचा प्रतिसाद नाहीसा होतो का आणि एल-आर्जिनीन दिल्यावर एल-नेमचा परिणाम उलटतो का, हेही त्याच पट्टीवर तपासून घ्यावे.