शंका-समाधान : गवताच्या धावपट्टीवर विमान शिकताना

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. विमान शिकायला ती दक्षिण आफ्रिकेत जाणार आहे. तिथली धावपट्टी गवताची आहे असे कळले. आम्ही कराडची धावपट्टी पाहिली आहे, ती डांबरी. गवतावर शिकण्यात धोका नाही का? – एक पालक, विटा

उत्तर : गवतावर शिकलेल्या वैमानिकाला जमीन वाचायची सवय लागते, ती आयुष्यभर उपयोगी पडते. धोका असतो तो हिशेब न करता उडण्यात. गवतावर चाके जड फिरतात, त्यामुळे वेग धरायला जास्त जागा लागते. नवशिक्यांचे नेहमीचे दोन आसनी सेस्ना 152 घ्या. पूर्ण वजनाला, म्हणजे 757 किलोला, समुद्रसपाटीवर 20 अंश तापमानात, वारा नसताना, कोरड्या डांबरावर ते सुमारे 230 मीटर धावून जमिनीवरून सुटते. 50 फूट उंची गाठेपर्यंत जमिनीवरचे अंतर 425 मीटरच्या आसपास जाते.

आता हेच विमान एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे आणा. सांगली साधारण 550 मीटर, म्हणजे सुमारे 1800 फूट, उंचीवर आहे. म्हणून विमानासोबतच्या पुस्तिकेतला 2000 फुटांचा आणि 40 अंशांचा रकाना पाहायचा. धाव 320 मीटर, आणि 50 फुटांपर्यंत जवळपास 600. तापलेली हवा विरळ असते. अशा दुपारी सांगलीत जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाच्या इंजिनाला आणि पंखांना मिळणारी हवा 5000 फुटांवरच्या हवेइतकी पातळ असते. कोरड्या गवतासाठी पुस्तिका धावेच्या 15 टक्के वाढवायला सांगते. ते 48 मीटर धरून 648 झाले. शिवाय हे आकडे नव्या इंजिनाचे आणि कसलेल्या हाताचे असतात, म्हणून त्यावर आणखी एक तृतीयांश धरावे. बेरीज 860 मीटरवर जाते. गवत ओले असेल किंवा जमीन मऊ असेल तर याहून जास्त. उतरतानाही ब्रेक नीट धरत नाहीत. कोरड्या गवतावरसुद्धा उतरल्यानंतरच्या धावेत 45 टक्के वाढ धरतात.

म्हणून मुलीला तिथली धावपट्टी गवताची की डांबराची हे विचारण्याआधी तिची लांबी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची विचारायला सांगा. जोहान्सबर्गच्या भोवतालचे पठार 1500 मीटरच्या वर आहे. तिथे हिवाळ्यातही हा हिशेब चुकवून चालत नाही. आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. धावपट्टीच्या मध्यावर एक खूण ठरवायची आणि तिथे पोचेपर्यंत सुटण्याच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) बंद करून थांबायचे. 152 साठी हा वेग 35 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 65 किलोमीटर. ‘अजून थोडे पाहू’ म्हणत पुढे गेलेले विमान शेवटी कुंपणात जाते.

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स होते ना, तेही पाहून घ्या. कमर्शियल परवान्याला ते लागतात. परतल्यावर परदेशी परवाना डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी आहेच. तेव्हा फी भरण्याआधी क्लास 2 आणि मग क्लास 1 मेडिकल (या वैद्यकीय तपासणीचे दोन टप्पे) उरकून घ्या. लाखो रुपये भरल्यावर डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर ते पैसे परत मिळवणे फार अवघड जाते.

प्रश्न : मऊ धावपट्टीवरून उडण्याचा सराव चालू आहे. विमान लवकर उठते, पण लगेच पुन्हा खाली बसते. काय चुकते? – प्रशिक्षणार्थी, कराड

उत्तर : उठल्यावर तुम्ही नाक वरच धरून ठेवता, असे दिसते. क्रम असा ठेवा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) 10 अंश. इंजिनाची तपासणी आधीच घट्ट जमिनीवर उरकून घ्या. मातीत उभे राहून मिनिटाला 1700 फेऱ्यांवर इंजिन चालवले की प्रोपेलर खडे ओढून घेतो आणि त्याच्या कडा फुटतात. कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) जमिनीवर तपासण्यापुरतीच ओढा, कारण ती हवा फिल्टरमधून येत नाही आणि धूळ थेट इंजिनात जाते. मग योक (नाक वर-खाली करणारे हातातले सुकाणू) पूर्ण मागे ओढून, न थांबता वळून धावपट्टीवर या आणि थ्रॉटल एका संथ ओघात पूर्ण उघडा. थांबलात तर चाके रुततात. नाकाचे चाक हलके झाले की योक थोडा सैल करा, नाहीतर शेपूट जमिनीला लागेल. उजवा रडर (दिशा धरणारे पायाखालचे पॅडल) विसरू नका.

विमान सुटते ते स्टॉलच्या, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत त्या, वेगाच्या अगदी जवळ. जमिनीलगत पंखांना होणारा हवेचा अडसर कमी होतो, त्या उशीवर ते तरंगत असते. हा आधार पंखांच्या लांबीइतक्या उंचीवर, 152 च्या बाबतीत 10 मीटरवर, जवळजवळ संपतो. तुम्ही तिथेच चढायला लागलात तर आधार जातो, वेग मात्र आलेला नसतो, आणि विमान खाली बसते. कधी त्याआधी एक पंख झुकतो, आणि ते जास्त वाईट. म्हणून चाके सुटताच योक अलगद पुढे देऊन जमिनीपासून एक-दोन मीटरवर विमान सपाट धरा. 55 नॉट ओलांडू द्या, मग चढा. अडथळे मागे पडून 60 नॉट झाले की फ्लॅप वर. सपाट धरायला हात धजत नाही, कारण समोरून झाडे येताना दिसतात. त्यावर इलाज एकच, पुरेशा लांब धावपट्टीवर इन्स्ट्रक्टर शेजारी असताना हाच भाग पुन्हा पुन्हा करायचा.

प्रश्न : आमचा 600 मीटर लांब, 25 मीटर रुंद मोकळा तुकडा आहे, काळ्या मातीचा. तिथे छोटी धावपट्टी करून विमानाचे क्लास चालवता येतील का? – शेतकरी वाचक, पलूस

उत्तर : क्लास नाही. आपल्याकडे विमानाचे प्रशिक्षण डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते. अशा शेतावर उडवलेले तास खासगी वैमानिक परवान्याच्या 40 तासांत धरले जात नाहीत. शिवाय वरचा हिशेब पाहिलात तर उन्हाळ्यात 600 मीटर अपुरेच पडतात.

मातीचे म्हणाल तर काळी जमीन धावपट्टीला सर्वांत त्रासाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नाकाचे छोटे चाक त्यात अडकते. पावसात ती फुगते, चिखल चाकाच्या आवरणात भरून चाक जाम होते. मुरमाड माळ, त्यावर दाट हरळी आणि पाणी निघून जाईल असा हलका उतार, ही खरी गवताची धावपट्टी. कुसळी गवत वाढू देऊ नये, त्याची कुसळे एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतात. टोकाला विजेची तार असेल तर ती ओलांडायला लागणारी लांबी वजा करा. जमीन तपासायची सोपी रीत म्हणजे मोटार ताशी 50 किलोमीटरने पट्टीवरून न्यायची. आत बसलेल्यांना दणके सोसवेनात, तर ती पट्टी विमानाच्या उपयोगाची नाही.

प्रश्न : उभ्या विमानाच्या पंखाखालच्या नळीला लाल पट्टीचे टोपण का घालतात? – विद्यार्थिनी, वाई

उत्तर : ती पिटो नळी. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून वेगाच्या काट्याकडे जातो. आपल्याकडे कुंभारमाशीला अशी भोके फार आवडतात. टोपण घालायचे राहिले की थोड्याच वेळात ती मातीने तोंड लिंपू लागते. मग विमान धावत असते आणि काटा शून्यावरच. म्हणून धाव सुरू होताच काटा हलतो का ते पाहायचे, हलला नाही तर तिथेच थांबायचे. नळीत काडी किंवा तार घालू नये, फुंकरही मारू नये, काट्याचे यंत्र बिघडते. मेकॅनिकला बोलवावे. टाकीच्या हवेच्या नळीलाही हीच माशी माती भरते, मग टाकीत पेट्रोल असून इंजिन बंद पडते. तीही रोज पाहावी, आणि सोबत टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढावे. 100 एलएल हे विमानाचे पेट्रोल निळसर दिसते; तळाशी बिनरंगी थेंब बसला तर ते पाणी. थेंब दिसेनासा होईपर्यंत काढत राहावे.