कॅलिफोर्नियातल्या सिटी कौन्सिलकडून शांतता विधेयकाला पाठिंब्याचा ठराव कसा करून घ्यावा?

तुमचा प्रश्न असा की दहा-बारा जण एकत्र आलात, 'डिपार्टमेंट ऑफ पीसबिल्डिंग' म्हणजे शांततेसाठी वेगळं केंद्रीय खातं उभारण्याच्या अमेरिकी काँग्रेसमधल्या विधेयकासाठी शहरात ५०० सह्या जमवल्या, आता कौन्सिलपुढे कसं जायचं?

सह्यांचा गठ्ठा तूर्त बाजूला ठेवा, आधी मतं मोजा. पाच सदस्यांच्या कौन्सिलमध्ये ठरावाला तीन मतं लागतात. स्वतंत्र चार्टर (शहराची स्वतःची सनद) नसलेल्या शहरांत बहुमत हजर सदस्यांवर नव्हे, एकूण सदस्यसंख्येवर धरतात. दोघे गैरहजर असतील तर उरलेले तिन्ही तुमच्या बाजूने हवेत. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र भेटा, पण एकाचं मत दुसऱ्याच्या कानावर घालू नका. "त्या दोघांचा होकार आहे, आता तुम्ही द्या" असं तिसऱ्याला सांगितलंत की मध्यस्थामार्फत बहुमताची चर्चा झाली असा अर्थ निघतो, आणि ब्राऊन कायद्याला, म्हणजे कौन्सिलची चर्चा उघड सभेतच व्हावी असं सांगणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याला, ते चालत नाही. हेतू चांगला असूनही बहुतेक जण इथेच अडकतात.

मग एक सूचक गाठा. विषय अजेंड्यावर घ्यायला काही ठिकाणी दोन सदस्यांची सही लागते, हे सिटी क्लर्कला (शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारा. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि त्यावर नसलेल्या विषयावर कौन्सिलला निर्णय घेता येत नाही. अजेंड्यावर विषय नसताना वीस माणसं घेऊन गेलात तर सगळे ऐकून घेतील, मान डोलावतील, आणि काहीच होणार नाही.

मसुदा तुम्हीच लिहून द्या. एक पान, चार-पाच 'व्हेअरॅज' (ठरावामागची कारणं सांगणारी कलमं), मग 'रिझॉल्व्ह्ड' (प्रत्यक्ष ठराव). "वॉशिंग्टनच्या कामाशी आपला काय संबंध?" हा आक्षेप ठरलेला आहे. त्याचं उत्तर पहिल्या दोन कलमांतच हवं. या विधेयकात देशांतर्गत हिंसाचाराचा मोठा भाग आहे: घरगुती अत्याचार, टोळ्या, शाळांमधली मारामारी. तुमच्या शहराच्या पोलिसांचा वार्षिक अहवाल आणि बजेट उघडा, त्यातले आकडे घाला. जागतिक शांततेवर सुंदर परिच्छेद लिहिण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे.

विधेयकाचा नुसता क्रमांक लिहू नका. काँग्रेस सदस्य डेनिस कुसिनिच यांनी २००१ मध्ये याचंच आधीचं रूप असलेलं 'डिपार्टमेंट ऑफ पीस'चं विधेयक मांडलं तेव्हा तो एच.आर. २४५९ होता, बार्बरा ली यांच्या २०१३ च्या विधेयकाचा ८०८. काँग्रेसची दोन वर्षं संपली की विधेयक बाद होतं, नव्याने मांडावं लागतं. "हे किंवा याच आशयाचं पुढील विधेयक" असे शब्द घाला, नाहीतर नवी काँग्रेस आली की जानेवारीत ठराव कालबाह्य होईल.

शेवटचं कलम विसरू नका: सिटी क्लर्कने प्रमाणित प्रती तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरांना पाठवाव्यात. हे नसेल तर ठराव क्लर्कच्या दप्तरातच राहतो.

सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर एकच. सहा जण पुरेत, प्रत्येकाचा मुद्दा वेगळा: शिक्षक, नर्स, दुकानदार. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तरी बोला, नागरिकत्वाची अट नाही. मात्र ग्रीन कार्ड नसेल तर कुठल्याही उमेदवाराला निवडणुकीची देणगी देऊ नका, ते बेकायदा आहे. सह्यांचा उपयोग आत्ता: कौन्सिलच्या निवडणुका प्रभागवार होत असतील तर प्रभागवार वेगळ्या करा आणि त्या-त्या सदस्याला द्या. शहराबाहेरच्या काढून टाका, त्याने बाकीच्यांचं वजन कमी होतं.

महाराष्ट्र मंडळाच्या नावाने करणार असाल तर मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का पाहा. करखात्याच्या व्याख्येत कौन्सिलच्या ठरावासाठी खटपट हीसुद्धा लॉबिंगच (कायदे-ठरावांवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न). मर्यादेत चालते, पण खर्चाची नोंद ठेवा. करखात्याचा फॉर्म ५७६८ भरला तर मर्यादा आकड्यांत स्पष्ट होते.

वेळ लागतो, धीर धरा. अण्वस्त्रबंदी कराराला पाठिंबा देणारा न्यूयॉर्क सिटी कौन्सिलचा ठराव २०१९ मध्ये मांडला गेला, सुनावणी जानेवारी २०२० मध्ये झाली आणि मंजुरी डिसेंबर २०२१ मध्ये.

ठराव झाला की आठवड्याभरात प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात वीस मिनिटांची वेळ मागा, प्रमाणित प्रत हातात द्या आणि एवढंच विचारा: सहप्रायोजक म्हणून नाव कधी घालणार? तारीख मिळाली नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा फोन करा.