सेट म्हणतो 'पाठवलं', नकाशा म्हणतो 'कोण तुम्ही?'

प्रश्न : नुकतंच हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आलं. एपीआरएसवाला, म्हणजे रेडिओवरून आपली जागा आणि छोटे मेसेज पाठवणारा हँडहेल्ड घेतला, किल्ल्यावर नेला, दर दोन मिनिटांनी पोझिशन गेल्याचं दाखवत होता पण एपीआरएस डॉट एफआय या साइटच्या नकाशावर ठिपकाच नाही! मोबाईल ॲपवरून मात्र बेसमेंटमधूनसुद्धा ठिपका येतो. सेट परत करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो थांबा, सेट बिचारा बरोबर असेल. त्याने हवेत सोडलं एवढंच तो सांगतोय, पोझिशनच्या पॅकेटला पोचपावती नसते. ते १२०० बॉडचं पॅकेट एखाद्या आयगेटला, म्हणजे कुणा हॅमने घरी रेडिओ आणि इंटरनेट जोडून चालू ठेवलेल्या स्टेशनला ऐकू आलं, तेही स्वच्छ, एकही बिट न चुकता, तरच ते सर्व्हरवर आणि मग नकाशावर. किंवा मधल्या डिजिपीटरने, म्हणजे पॅकेट ऐकून पुढे सोडणाऱ्या स्टेशनने, ते उचलून आयगेटपर्यंत पोचवलं तर. सह्याद्रीत एक डोंगर आड आला की व्हीएचएफ, म्हणजे आपल्या सेटच्या लहरी, संपल्या, आणि आपल्याकडे आयगेट मुळात विरळ.

ॲपचं काय, तर ते नेटवरून थेट सर्व्हरला पाठवतं, रेडिओचा संबंधच नाही. साइटवर रॉ पॅकेट्स, म्हणजे आलेल्या पॅकेटच्या मूळ ओळी, उघडून बघा. ॲपच्या ओळीत 'टीसीपीआयपी' आणि 'क्यूएसी' दिसेल, हवेतून आलेल्या ओळीत 'क्यूएआर' किंवा 'क्यूएओ' आणि त्याच्यापुढे ज्याने ऐकलं त्या आयगेटचा कॉलसाइन, म्हणजे त्या हॅमचं ओळखनाव. माझ्या मते नकाशावर मिरवणारे ठिपके बघताना हे आधी तपासावं, नाहीतर आपल्या गावात कव्हरेज आहे असा फुकटचा समज होतो.

आता सेट तपासा. जीपीएस फिक्स आहे का, म्हणजे सेटला स्वतःची जागा सापडली का, आणि फ्रिक्वेन्सी कुठली? अमेरिकेत १४४.३९०, युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ, आणि आयात सेट यातलं काहीही भरून येतो, म्हणून तुमच्या भागातले हॅम एपीआरएससाठी कुठली फ्रिक्वेन्सी वापरतात ते विचारून घ्या. पाथ, म्हणजे डिजिपीटरनी पॅकेट किती वेळा पुढे सोडायचं ते, 'वाइड१-१, वाइड२-१' पुरे, त्याहून लांब नको. टीएक्स डिले, म्हणजे सेट सुरू झाल्यापासून पॅकेट सोडेपर्यंतचा थांबा, ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, फार कमी असला तर समोरचा रिसीव्हर उघडेपर्यंत पॅकेटचं डोकं कापलं जातं आणि उरलेलं कुणालाच डीकोड होत नाही. आणि सेटसोबतचा आखूड रबरी अँटेना बदला, बाकी सगळ्यापेक्षा त्यानेच जास्त फरक पडेल.

प्रश्न : मग घरीच आयगेट लावला तर? काय काय लागेल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लावाच. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर, डायरवुल्फ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि गच्चीवर बरा अँटेना. सर्व्हरला १४५८० पोर्टवर स्वतःच्या कॉलसाइनने लॉगिन करायचं, पासकोड कॉलसाइनवरूनच काढतात. पण हा नुसता ऐकणारा आयगेट. कोणी नेटवरून घाटातल्या गाडीला मेसेज पाठवला तर तो परत हवेत सोडायला ट्रान्समीटर लागतो, तो नसला की मेसेज तिथेच अडकतो. एपीआरएस तयार करणारे बॉब ब्रुनिंगा हेच सांगून थकले की ही नुसती गाड्या दाखवायची सिस्टीम नव्हे, दोन्हीकडून बोलायची आहे. (गंमत म्हणजे १९८४ साली त्यांनी याचं सुरुवातीचं रूप व्हिक-२० कॉम्प्युटरवर बसवलं ते शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी, घोडा कुठवर पोचला ते कळावं म्हणून.) तेव्हा जमेल तेव्हा दोन-मार्गी करा. फक्त दर दहा सेकंदांनी बीकन, म्हणजे आपल्या जागेचं पॅकेट, सोडत बसू नका, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, दोघं एकदम बोलले की दोघांचंही पॅकेट वाया जाऊ शकतं. घर काही हलत नाही, अर्ध्या तासाने एकदा सांगितलंत तरी चालेल.

प्रश्न : आमचे हे ट्रेकला गेले की ठिपका बघून मला बरं वाटतं, पण तो सगळ्या जगाला दिसतो म्हणे? घराचा पत्ताही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हो ताई, सगळ्यांना. हॅम रेडिओवर कुलूप लावून बोलायचं नसतंच, आणि एकदा सर्व्हरवर गेलेलं लोक साठवूनही ठेवतात. पण सेटिंगमध्ये ॲम्बिग्युइटी नावाचा पर्याय असतो, तो वाढवला की पोझिशनचे शेवटचे आकडे कोरे जातात. दोन आकडे गाळले तर ठिपका साधारण दोन किलोमीटरच्या चौकोनात मोघम होतो. घराच्या स्टेशनला हे करायला लावा, आणि यांना सांगा की ट्रेकचा बीकन बिल्डिंगखाली नाही, रेल्वे स्टेशनवर पोचल्यावर चालू करायचा. ट्रेकमध्ये मात्र ॲम्बिग्युइटी शून्यच ठेवा, तिथे उद्या शोधायची वेळ आली तर दोन किलोमीटर फार होतात.