अमेरिकेत बेकायदा राहणारे लोक खरंच सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचा, कर भरतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मामेभाऊ म्हणतो, "हे लोक एक डॉलर कर भरत नाहीत, वर आमच्या पैशांवर पेन्शन खातात," आणि तुम्ही मात्र कुठेतरी वाचलंत की तेच लोक अब्जावधी डॉलर भरतात. मामेभावाचं चुकतंय. मीही पूर्वी त्याच्यासारखंच बोलायचे, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ एका छोट्या अकाउंटंटच्या ऑफिसात पेरोल, म्हणजे पगारांचा हिशेब, करते, 2008 पासून. आमचे क्लायंट म्हणजे रेस्टॉरंटं, बँक्वेट हॉल, लॉन कापणारे, दोनचार मोटेलवाले. गुरुवारी मालकांकडून तासांचे आकडे येतात, शुक्रवारी चेक निघतात. भांडी घासणाऱ्या एखाद्या माणसाचे आठवड्याचे 700 डॉलर झाले, तर त्यातून सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के म्हणजे 43.40 आणि मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) 1.45 टक्के म्हणजे 10.15 डॉलर कापले जातात. तेवढेच मालक स्वतःचे घालतो. झाले 107 डॉलर 10 सेंट, दर आठवड्याला. सॉफ्टवेअर हे कापताना तुमच्याकडे व्हिसा आहे का, असं विचारत नाही. मी पण विचारत नाही. सरकारला हे पैसे एकाच ढिगात जातात, मग तो माणूस इथे जन्मलेला असो नाहीतर वाळवंट तुडवत आलेला.

मग कागदपत्रं नसलेल्या माणसाकडे सोशल सिक्युरिटी नंबर येतो कुठून? याचं मूळ 1986 च्या कायद्यात आहे. रेगन यांच्या काळात एकीकडे सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर करून घेतलं, आणि दुसरीकडे जाणूनबुजून बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड लावला. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाचा आय-नाइन, म्हणजे काम करायची परवानगी दाखवणारा फॉर्म भरावा लागतो. पण मालकाने कागद तपासायचे म्हणजे किती? कागद वरकरणी खरा वाटला की झालं. उगाच खोदून विचारलं, आणि तेही फक्त स्पॅनिश बोलणाऱ्यांनाच विचारलं, तर भेदभावाची तक्रार मालकावरच येते. त्यामुळे खोट्या कार्डांचा धंदा सुरू झाला. "जाणूनबुजून" या एका शब्दावर अख्खी व्यवस्था उभी आहे. माणूस कार्ड देतो, मालक ते बघतो, मी नंबर टाइप करते. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

(नंबरांचा घोळ मात्र आजचा नाही, आणि परदेशी माणसांनी सुरू केलेलाही नाही. 1938 साली पैशांची पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीने नमुना म्हणून पाकिटात आपल्याच एका सेक्रेटरीच्या खऱ्या नंबरचं कार्ड छापून घातलं. पाकिटं दुकानात गेली, आणि लोक तोच आपला नंबर समजून वापरू लागले. इतक्या वर्षांत चाळीस हजारांहून जास्त जणांनी तो वापरल्याची नोंद आहे.)

तर हे पैसे पोचतात, पण जमा कुणाच्या नावावर होतात? वर्षअखेरीला प्रत्येकाचा डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, सरकारला जातो. नाव आणि नंबर जुळले नाहीत, तर ती कमाई "अर्निंग्ज सस्पेन्स फाइल" नावाच्या नोंदीत पडते. माझे बाबा सांगलीला बँकेत होते. मार्चअखेरीला सस्पेन्सचं खातं शून्यावर आल्याशिवाय ते जेवायला घरी येत नसत. सत्तावीस रुपयांसाठी रात्री अकरा वाजवलेले मला आठवतात. इथल्या सस्पेन्समध्ये 1937 ते 2012 या वर्षांची मिळून 1.2 ट्रिलियन डॉलरहून जास्त कमाई पडून होती. हा आकडा पगाराचा आहे, कराचा नाही. लोक सोशल मीडियावर तिथेच गल्लत करतात. शिवाय त्यात लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका आहेत, आकडा इकडचा तिकडे केलेले माझ्यासारखे पेरोलवाले आहेत. पण मोठा वाटा खोट्या नंबरांचा आहे, हे सरकारही मानतं.

पैसे मात्र सस्पेन्समध्ये अडकत नाहीत, हे नीट समजून घ्या. अडकते ती फक्त नोंद. कर थेट ट्रस्ट फंडात जातो आणि तिथून आजच्या म्हाताऱ्यांना वाटला जातो. आपल्या पीएफमध्ये तुमचं स्वतःचं खातं असतं, त्यावर व्याज चढतं. सोशल सिक्युरिटी तशी नाही. आज मी भरते ते आज माझ्या शेजारच्या पंचाहत्तरीच्या आजींना मिळतं. माझी वेळ येईल तेव्हा त्या वेळचे कमावणारे माझं बघतील. म्हणजे तो भांडी घासणारा आज कुणाची तरी पेन्शन देतो आहे, आणि त्याच्या म्हातारपणी द्यायचं देणं फंडाच्या पुस्तकात मांडलेलंच नाही.

आकडा हवा असेल तर सोशल सिक्युरिटीच्याच मुख्य विमागणितज्ञांच्या कार्यालयाने 2013 मध्ये काढलेला घ्या. त्यांच्या अंदाजाने 2010 साली बेकायदा राहणाऱ्या कामगारांकडून, त्यांचा आणि मालकांचा वाटा धरून, 13 अब्ज डॉलर आले आणि त्यांच्या बदल्यात सुमारे 1 अब्ज गेले. 12 अब्ज डॉलर निव्वळ नफा. अलीकडचा अंदाज आयटेप या संशोधन संस्थेचा आहे: 2022 मध्ये सोशल सिक्युरिटीत 25.7 अब्ज आणि मेडिकेअरमध्ये 6.4 अब्ज. दोघांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून "बारा वर्षांत दुप्पट झाले" वगैरे म्हणू नका. आणि सगळेच भरतात असंही नाही. रोखीत काम करणारे भरपूर आहेत, त्यांच्या मालकांना तर ते फारच सोयीचं. मामेभावाने पाहिलेत ते बहुधा असे असतील.

पेन्शन खातात का? वरचा तो एक अब्जाचा अपवाद सोडला, तर नाही. 1996 च्या कायद्याने इथे बेकायदा राहणाऱ्याला हे लाभ बंद केले. 2004 च्या कायद्याने आणखी एक अट आली: कामाची परवानगी असलेला नंबर तुम्हाला कधीच मिळाला नसेल, तर कितीही वर्षं भरलंत तरी तुमच्या नावावर हक्क तयार होत नाही.

आता मी जवळून पाहिलेली एक गोष्ट. 2019 मध्ये सोशल सिक्युरिटीने मालकांना "नावं आणि नंबर जुळत नाहीत" अशी पत्रं पुन्हा पाठवायला सुरुवात केली होती. 2021 मध्ये ती थांबली. आमच्या एका रेस्टॉरंटवाल्याला असं पत्र आलं. पत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की केवळ यावरून माणसाला काढू नका. मालकाने किचनमध्ये विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी एक माणूस कामावर आला नाही. ग्वाटेमालाचा, चार वर्षं तिथे होता. तीन आठवड्यांनी आमच्याच दुसऱ्या क्लायंटकडून, एका बँक्वेट हॉलमधून, नव्या माणसाचा फॉर्म आला. नाव वेगळं, नंबर वेगळा. पण त्यातल्या सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती, आणि ती रेघ जराशी वर चढत होती. तो सातचा आकडा मी चार वर्षं टाइमशीटवर पाहिला होता. फॉर्म पुढे सरकवला. ते बरोबर केलं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भीती कसली, तर 2008 च्या मे महिन्यात आयोवातल्या पोस्टव्हिल गावी एका मांस कारखान्यावर धाड पडली. 389 जण धरले, बरेचसे ग्वाटेमालाचेच. खोटे नंबर वापरले म्हणून शेकडो जणांवर गुन्हे लावले, आणि तडजोडीत कित्येकांनी महिनोन्‌महिने तुरुंग भोगला. म्हणजे ज्या नंबरावरून सरकारला कर मिळत होता, तोच नंबर गुन्ह्याचा पुरावा झाला. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नंबर दुसऱ्या खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सिद्ध केल्याशिवाय ओळख चोरीचं मोठं कलम लागत नाही. तोवर पोस्टव्हिलची माणसं शिक्षा भोगून परत पाठवलीही गेली होती.

हा फक्त मेक्सिको-ग्वाटेमालाचा मामला आहे असं समजू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला 104 भारतीय आणून सोडले, त्यात तिघे महाराष्ट्राचे होते.

आणि मामेभाऊ एच-वन-बी व्हिसावर असेल, तर त्याच्या रागाचं मूळ बहुधा त्याच्या स्वतःच्या पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, सापडेल. पेन्शनचा हक्क लागायला 40 तिमाह्या, म्हणजे दहा वर्षांची कमाई लागते. एच-वन-बी मुळात सहा वर्षांचा, म्हणजे 24 तिमाह्या. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहिला तर मुदत वाढत जाते, नाहीतर पुण्याला परतताना भरलेलं इथेच सोडायचं. आपल्याकडे ईपीएसमध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, दहा वर्षं भरली नाहीत तर निदान काहीतरी काढून घेता येतं; इथे तेही नाही. जर्मनी, बेल्जियम, जपान अशा बऱ्याच देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, अमेरिकेशी नाही. आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला दरवर्षी मिसळीबरोबर हा विषय निघतो. माझे यजमान त्यात आघाडीवर असायचे, चाळिसावी तिमाही पुरी होईपर्यंत. आमचे पैसे बुडतात, यावर सगळ्यांचं एकमत असतं. मागे केटरिंगची भांडी आवरणाऱ्याचेही त्याच फंडात बुडतात, हे मी एकदा बोलून पाहिलं. विषय क्रिकेटवर गेला.

तो सातवर रेघ देणारा माणूस 2022 मध्ये आमच्या ऑफिसात स्वतः आला, टॅक्स रिटर्न भरायला. नंबर नसलेल्यांना रिटर्नपुरता आयटीआयएन मिळतो, 1996 पासून. त्यावर नोकरी करता येत नाही, फक्त कर भरता येतो. त्याने डॅनिश बिस्किटांचा निळा डबा आणला होता. आत सगळे डब्ल्यू-टू, वर्षवार, रबर बँड लावून. बँक्वेट हॉलचे त्याच्या खऱ्या नावाचे होते, रेस्टॉरंटचे दुसऱ्याच. मी विचारलं, हे कशाला जपलेत? म्हणाला, उद्या कागद झाले तर.

त्याचं अगदी खुळं नाही. पुढे कधी कामाची परवानगी आणि खरा नंबर मिळालाच, तर पुरावा दाखवून जुनी कमाई आपल्या खात्यावर चढवून घेता येते. खऱ्या नावाची वर्षं बहुधा चढतील. दुसऱ्या नावाची चार वर्षं आपलीच होती, हे सिद्ध करणं फार अवघड आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि तेही कागद परत रबर बँडमध्ये घातले.

एप्रिल 2025 मध्ये कर खात्याने आपल्याकडची माहिती इमिग्रेशनवाल्यांना द्यायचा करार केला. प्रकरण कोर्टात गेलं, पण तेवढ्यानेच आमच्याकडे आयटीआयएनवर रिटर्न भरायला येणारे कमी झाले. हा माणूसही आता रिटर्नला येत नाही. पगारातून कापले जाणारे पैसे मात्र दर शुक्रवारी जातात, त्याला थांबवायचं कुठलंच बटण नाही. फक्त जानेवारीत तो न चुकता येतो. टपालावर त्याचा विश्वास नाही, म्हणून त्याचा डब्ल्यू-टू मी बाजूला काढून ठेवते आणि हातात देते.