गोव्यातला लाल चिरा हा ज्युरासिक काळातला वालुकाश्म आहे का?

नाही. चिरा म्हणजे जांभा, आणि तो वालुकाश्म नव्हेच; शिवाय गोव्यात ज्युरासिक काळातला (सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा) वालुकाश्म उघडा पडलेला दिसत नाही. वाळू थरावर थर साचून, दाबाखाली घट्ट झाली की वालुकाश्म होतो. जांभ्याचं उलट आहे: तो साचलेला नाही, कुजलेला आहे. मूळ खडकातली सिलिका पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. तांबडा रंग त्या लोहाचा. ओळखायची सोपी खूण अशी: ताज्या कापलेल्या चिऱ्यात वेड्यावाकड्या नळ्या, भोकं आणि मधूनमधून पांढरट-पिवळी माती दिसते, वाळूचे सारखे कण किंवा थरांच्या रेघा दिसत नाहीत.

ज्युरासिक वालुकाश्म बघायचाच असेल तर कच्छ किंवा जैसलमेर गाठा. तेव्हा तिथे समुद्र आत शिरला होता, गाळ साचायला खोलगट जागा होती. गोव्याच्या बाजूला तसं खोरं नव्हतं.

एक मात्र आहे. दोनापावलाच्या किनाऱ्यावरचा करडा, कठीण खडक (ग्रेवॅक) मुळात वाळू-चिखलाचाच आहे, त्यामुळे त्याला वालुकाश्माचा भाऊबंद म्हणता येईल. पण तो उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला, आणि ज्युरासिकपेक्षा कितीतरी जुना, डायनासोर सोडाच, मासेही नव्हते तेव्हाचा. त्यात जीवाश्म शोधत बसू नका.