चेक टाकला, पण आधी चालू केलेलं क्लॉक?

प्रश्न: मी हिंजवडीला एम्बेडेडमध्ये आहे. टीममधल्या एकाने लिनक्स ड्रायव्हरचा फिक्स रिव्ह्यूला दिलाय. प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडलं की कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन चालवतो त्यात) आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टचा नंबर, मिळाला का ते कुणी तपासतच नव्हतं, त्याने चेक टाकला आणि एरर आली की तिथूनच रिटर्न. मला बरोबर वाटतंय, पण सीनियर म्हणतात नीट बघ. नक्की काय बघू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: चेक हवाच होता, पण त्या रिटर्नच्या वर जाऊन बघा काय काय चालू करून ठेवलंय. क्लॉक, म्हणजे हार्डवेअरला चालायला लागणारा सिग्नल, आधीच एनेबल झालं असेल तर ते तसंच चालू राहणार, कारण प्रोब फेल झालं की रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) कॉलच होत नाही, म्हणजे आवरायचं काम प्रोबनेच करायचं, गोटूने शेवटच्या आवराआवरीच्या लेबलवर उडी मारून, उलट्या क्रमाने. आणि असं क्वचितच होईल असं समजू नका, आयआरक्यू कंट्रोलर अजून आलेला नसेल तर प्रोब डिफरचा, म्हणजे ‘नंतर परत करून बघ’ असा, एरर येतो, कर्नल प्रोब परत परत करतो आणि दर वेळी क्लॉकचा काउंट एकाने वाढतो. म्हणूनच आलेला कोड जसाच्या तसा वर द्यायचा, त्याजागी इनव्हॅलिडचा (EINVAL) कोड टाकला तर परत प्रोब होणारच नाही. व्हेरिएबल अनसाइन्ड नाही ना तेही बघा, एररचे कोड उणे असतात, त्यामुळे अनसाइन्ड असेल तर शून्यापेक्षा कमी ही अट कधीच खरी होणार नाही.

आता जरा अवघड भाग. आयआरक्यू डेव्हएमने (घेतलेली गोष्ट आपोआप सोडणारी कर्नलची फंक्शन्स) घेतलाय आणि क्लॉक मात्र रिमूव्हमध्ये हाताने बंद होतंय, असं असेल तर थांबा. डेव्हएमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर सुटतात, म्हणजे मधल्या वेळात क्लॉक बंद पण हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) अजून जिवंत, तेवढ्यात इंटरप्ट आला आणि हँडलरने रजिस्टर वाचलं की बऱ्याच चिप्सवर बोर्ड तिथेच हँग. माझ्या मते हा बग क्लॉक चालू राहण्याच्या लीकपेक्षा वाईट, कारण टेस्टिंगमध्ये सहसा दिसत नाही. क्लॉकपण डेव्हएमनेच घ्या, मिळवून एनेबल करणारं फंक्शन कर्नल ६.० पासून आहे, मग क्रम आपोआप बरोबर लागतो आणि गोटूही लागत नाही.

अप्रूव्ह करण्याआधी त्या कॉलच्या जागी तात्पुरता एरर टाकून मॉड्यूल लोड करा आणि डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) क्लॉक समरीत एनेबल काउंट बघा, लोड करण्याआधी होता तेवढाच दिसला पाहिजे. वाढलेला दिसला तर पॅच परत पाठवा, आणि कुठली ओळ ते कमेंटमध्ये लिहा.