अमेरिकन जॅझ संगीतकार डेव्हिड बेकर ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) सोडून चेलोकडे (गजाने वाजवायचं मोठं तंतुवाद्य) का वळले?

जबड्यामुळे. १९५३ च्या मोटार अपघातात त्याला इजा झाली. तरी ते काही वर्षं वाजवत राहिले, जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल यांच्या गटात गाजलेही. पण ट्रॉम्बोनचा सूर निघतो ओठांच्या कंपनातून, आणि ओठांना जबड्याचा भक्कम आधार लागतो. तो आधार राहिला नाही. मग तिशीच्या आसपास चेलो हाती घेतला! केवढी जिद्द.

माझ्या मते त्यांचं मोठं काम शिकवण्यातलं. इंडियाना विद्यापीठाचा जॅझ विभाग त्यांनी अनेक दशकं सांभाळला. बीबॉप या वेगवान जॅझ शैलीतलं स्केल (सुरांचा क्रम) त्यांनीच विद्यार्थ्यांत रुजवलं: सात सुरांत आठवा घातला की धावत्या तानेतही कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचे) सूर बरोबर ठेक्यावर पडतात. रचना तर शेकडो. चेलोवादक यानोश स्टार्कर यांच्यासाठी लिहिलेला चेलो सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) जरूर ऐका.